चार महिन्यांची खुर्ची

"डाखोरे, बसा," गवारगुरू साहेब म्हणाले, आणि मी मनात म्हटलं, घरचं कोणीतरी गेलं.

एकतीस वर्षांत त्या टेबलासमोर मला 'बसा' कोणी म्हटलं नव्हतं. पाणी आणा, फाईल न्या, याच्या दोन झेरॉक्स काढा, चहावाल्याला आवाज द्या, हे सगळं म्हणून झालं होतं. बसायला मला मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेरचं स्टूल होतं आणि तेवढ्यावर माझं भागत होतं. त्यामुळे मी उभाच राहिलो.

"कोण गेलं साहेब?"

"कोणी नाही गेलं हो. बसा तर आधी."

मी खुर्चीच्या कडेवर टेकलो. गवारगुरू आमच्या पाटबंधारे कार्यालयाचे अधीक्षक, म्हणजे सगळ्या बाबू लोकांचे म्होरके. हडकुळा माणूस, बारा महिने स्वेटर घालायचा, आणि कुणाचं चांगलं झालं तरी तोंड असं करायचा की बघणाऱ्याला तेराव्याचं जेवण आठवावं. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. गंमत अशी की तो कागद त्या दिवशी सकाळी अकोल्याहून आलेल्या टपालातून मीच उचलून आणला होता, मीच त्यांच्या टेबलावर ठेवला होता, आणि वर पेपरवेटसुद्धा मीच ठेवला होता.

"तुमची पदोन्नती झाली. कनिष्ठ लिपिक," ते म्हणाले.

मला आधी हसूच आलं. पन्नासाव्या वर्षी बसस्टँडमागच्या टायपिंगच्या क्लासात सोळा-सतरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत बसून मी मराठी टंकलेखनाची परीक्षा पास झालो होतो. पहिल्या दिवशी त्या पोरी मला बघून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं नवीन सर आले. त्यानंतर माझं नाव ज्येष्ठतेच्या यादीत गेलं आणि सात वर्षं तिथंच मुरत पडलं. लोणचंही इतकं मुरवत नाहीत.

"पेढे आणू का साहेब?"

"थांबा. तारीख पाहिली का आजची? तुमची जन्मतारीख किती?"

"एक जून."

"माझीही एक जून," ते म्हणाले.

आमच्या पिढीत अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलाय. बाप पोराला धरून शाळेत न्यायचा, गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, बाप म्हणायचा पऱ्हाटीवरच्या कापसाची वेचणी चालू होती तवाचा. मग गुरुजी सरळ एक जून लिहून मोकळे व्हायचे. मला तर आई सांगायची की तू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. पण सरकारदरबारी गुरुजींचंच खरं. एक जूनवाले सगळे एकतीस मेला घरी जातात. त्या दिवशी जिल्ह्यातल्या कुठल्याही कचेरीत जा, हार आणि नारळ हमखास दिसणार.

घोळ इथंच होता. आमच्याकडे शिपाई साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि बाबू अठ्ठावन्नाव्या. मला सत्तावन्न पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. स्टुलावर बसून राहिलो असतो तर अजून सव्वादोन वर्षं होती. खुर्चीवर बसलो तर चार महिने.

"पंधरा दिवसांत रुजू व्हायचं, नाहीतर नकार लिहून द्यायचा," गवारगुरू म्हणाले. "नकार दिला की दोन वर्षं पुन्हा नाव येत नाही. म्हणजे मग नाहीच. माझं ऐका डाखोरे. नकार द्या. खुर्चीत काय ठेवलंय? मी सदतीस वर्षं बसलोय, मणक्याशिवाय काही कमावलं नाही."

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. तेवढ्यात मोठ्या साहेबांची घंटी वाजली आणि मी पळालो.

*

आम्ही तेव्हा सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे बोळ, बोळात बायकोनं, वच्छलानं लावलेलं लिंबाचं झाड. सव्वीस वर्षं आम्ही तिथं होतो. मी निवृत्त झालो की तीन महिन्यांत क्वार्टर सोडायची, हे तिला लग्नाच्या तारखेसारखं पाठ होतं. गावी मंगरूळपीरच्या बाजूला माझ्या वाट्याला आलेली खोली म्हणजे चार भिंती आणि वर आकाश. पेन्शन बसली असती, उपाशी मरायची वेळ नव्हती. पण प्रफुल होता ना.

प्रफुल आमचा एकुलता. एम. ए. झालेला, सरकारी परीक्षांच्या मागे सहा वर्षं लागलेला. दोनदा अगदी थोडक्यात हुकला होता. सकाळी सातला अभ्यासिकेत जायचा तो रात्री जेवायला यायचा, आणि पुढच्या खोलीत जमिनीपासून खिडकीपर्यंत त्याचीच पुस्तकं. आदल्याच दिवाळीत तो मला म्हणाला होता, "बाबा, मले फक्त दोन वर्षं द्या. झालं तर झालं, नाही तर म्या नाव काढणार नाही." दोन वर्षं माझ्याकडे होती म्हणून मी ऐटीत म्हणालो होतो, घे.

आदेशाचा कागद वच्छलाला वाचून दाखवला तर तिनं आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग अट समजल्यावर ती साखर उचलून डब्यात टाकली.

"बाप्पा! हे तं उलटंच झालं," ती म्हणाली. "मान देऊन घरी धाडून रायले तुमाले. नको म्हणा."

"एवढं शिकलो टायपिंग..."

"मंग घरी टायपा. अवो, पोराचं पाहा. आन् आपुन कोठी जाऊ सांगा ना? ह्या झाडाले घेऊन जाता येते काय?"

प्रफुल जेवता जेवता ऐकत होता. त्याची वेगळीच तऱ्हा. त्या हिवाळ्यात सगळीकडे एकच चर्चा होती, बाबू-साहेबांचंही निवृत्तीचं वय साठ करणार म्हणून. कर्मचारी संघटना म्हणायची करा, अभ्यासिकेतली पोरं म्हणायची खबरदार. आमचा प्रफुल पोरांच्या कृती समितीत होता. 'अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न' असं छापलेली पत्रकं माझ्याच घरात, माझ्याच खाटेखाली ठेवलेली होती.

"मंग पोरा, तुया मतानं मी अठ्ठावन्नले घरी जायाले पायजे," मी त्याला टोमणा मारला.

"तुमचं साठ जुनंच हाय बाबा. त्याले आमचा विरोध नाही," तो भाताकडे बघत म्हणाला. "तुमी स्टुलावरच बरे."

तो हे सहज म्हणाला. मला ते सहज लागलं नाही. पण तोंडात घास होता, मी गिळला.

पुढचे दोन आठवडे माझं डोकं जात्यात घातल्यासारखं झालं. संघटनेचे राजूरकर आमच्याच ऑफिसातले. तालेवार गडी, पांढरा सफारी, मोबाईलवर बोलताना नेहमी मुंबईशीच बोलतोय असं वाटावं. त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"डाखोरे, नकारबिकार देऊ नका. फाईल मंत्रिमंडळासमोर आहे. एकतीस मेच्या आत साठ होणार म्हणजे होणार. बाबूही व्हाल आणि साठपर्यंतही बसाल. दोन्ही हातात लाडू!"

"पक्कं का साहेब?"

"माझ्या शब्दावर जा."

पेपरात एक दिवस यायचं, साठची शक्यता. दुसऱ्या दिवशी यायचं, असा कोणताही प्रस्ताव नाही. मी दोन्ही कात्रणं खिशात ठेवायचो. हेअर कटिंग सलूनमध्ये गेलो तर तिथंही तेच. खुर्चीवरचा मास्तर म्हणत होता, आता माणसं ऐंशी वर्षं जगतात, अठ्ठावन्नला घरी बसून सुनेच्या भाजीत मीठ किती ते बघायचं का? बाकावरचा पोरगा म्हणत होता, तुम्ही उठल्याशिवाय आम्ही बसायचं कुठं? न्हावी दोघांनाही 'बरोबर आहे' म्हणत होता. माझी दाढी करताना त्यानं मला विचारलं, "तुमचं काय मत, डाखोरे?" गळ्यावर वस्तरा होता, मी मत दिलं नाही.

शेवटी चौदाव्या दिवशी मी नकाराचं पत्र लिहिलं. 'कौटुंबिक अडचणीमुळे सदर पदोन्नती स्वीकारण्यास मी असमर्थ आहे.' वच्छलानं ते देवाच्या फोटोमागे रात्रभर ठेवलं आणि सकाळी स्वतःच्या हातानं माझ्या शर्टाच्या खिशात घातलं. खिशाचं बटणही लावलं.

*

पंधराव्या दिवशी नेमकं संघटनेचं धरणं होतं. कलेक्टर कचेरीच्या फाटकासमोर, दुपारी. आमचं अर्धं ऑफिस अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालं. राजूरकर म्हणाले, "डाखोरे, तुम्हीही चला." मला बरं वाटलं. मग म्हणाले, "सतरंज्या, तीस खुर्च्या आणि पाण्याचे दोन जार. टेम्पो सांगितलाय."

मी गेलो. सतरंज्या घातल्या. खुर्च्या टेम्पोतून उतरवायला लागलो. रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली अभ्यासिकेतली पोरं जमली होती. पन्नासेक असतील, हातात ती माझ्या खाटेखालची पत्रकं. इकडे 'साठ झालंच पाहिजे' आणि तिकडे 'अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न', मधून ट्रॅक्टर आणि शाळेच्या रिक्षा. मी डोक्यावर पालथ्या चार खुर्च्या घेऊन रस्त्याच्या कडेनं येत होतो, तेवढ्यात पलीकडून नवीन घोषणा आली.

"म्हाताऱ्यांनो!"

"खुर्च्या सोडा!"

दोन्हीकडची माणसं माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. काय करणार, दोन्ही हात खुर्च्यांना होते. घोषणा देणारा प्रफुल होता. मला बघून त्याचा आवाज मध्येच बसला आणि तो झाडामागच्या गर्दीत गेला. मला वाटलं, बापाला दुसऱ्या बाजूला बघून लाजला असेल.

एक मोबाईलवाला पत्रकार आला. सगळ्यांच्या तोंडापुढे माईक धरत धरत माझ्यापर्यंत पोचला. "काका, साठ व्हायला पाहिजे का नको?"

मी तोंड उघडणार तोच राजूरकरांनी माईक आपल्याकडे वळवला. "यांना काय विचारता? हे चतुर्थ श्रेणी. यांना साठच आहे. हा यांचा विषय नाही." मग मला म्हणाले, "डाखोरे, मागच्या रांगेत पाणी आलं नाही."

मी मागच्या रांगेत पाणी दिलं. जारमध्ये बरंच उरलं होतं. पलीकडची पोरं उन्हात ओरडून ओरडून घसा कोरडा करत होती आणि त्यांना कोणी पाणी आणलेलं दिसेना. विरोधक झाले तरी आपल्याच आळीतली पोरं. मी जार खांद्यावर घेतला, दोन ग्लास घेतले आणि रस्ता ओलांडला. प्रफुल कुठं दिसला नाही. एका उंच पोरानं दोन ग्लास प्यायले, माझ्याशी दोन शब्द बोलला. मी जार घेऊन परत आलो.

खुर्च्या मोजून टेम्पोत टाकल्या आणि ऑफिसला पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. गवारगुरू साहेब एकटेच स्वेटर घालून माझी वाट बघत होते. त्यांच्या टेबलावर दोन छापील कागद होते. एक नकार स्वीकारल्याचा, एक रुजू अहवालाचा.

"द्या पत्र," ते म्हणाले.

मी खिशाचं बटण काढलं. पत्र हातात घेतलं. बटण लावणाऱ्या बायकोची बोटं मला दिसत होती, लिंबाचं झाड दिसत होतं, दोन वर्षं मागणारं पोरगं दिसत होतं. मी त्या पत्राचे चार तुकडे केले आणि त्यांच्याच टेबलाखालच्या टोपलीत टाकले. ती टोपली रोज संध्याकाळी मीच रिकामी करायचो.

"डोकं फिरलं का डाखोरे? राजूरकरच्या नादी लागले का?"

"नाही साहेब."

"मग काहून?"

काहून ते मी त्यांना सांगितलं. दोन-तीन वाक्यंच होती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग रुजू अहवाल माझ्याकडे सरकवला आणि जिथं सही करायची तिथं बोट ठेवलं. शिपाई म्हणून मी एकतीस वर्षं त्यांच्या सह्यांसाठी फाईली धरल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी कागद धरला.

घरी मी सांगितलं की निर्णय येणार आहे, राजूरकरांनी शब्द दिलाय, दोन्ही हातात लाडू. वच्छला चुलीपुढे बसली होती ती उठलीच नाही. प्रफुलनं पुस्तक मिटलं.

"बाबा, तुमाले काही समजते काय?" तो म्हणाला. "मले इचारायचं तरी."

*

चार महिने मी बाबू होतो. खिडकीजवळचं टेबल, आलेल्या पत्रांची नोंद करायचं काम. खुर्चीला एक पाय आखूड होता, त्याखाली मी पुठ्ठा घातला. पण मजा पुढेच आहे. माझी शिपायाची जागा रिकामी झाली आणि ती भरायला सरकारची बंदी होती. स्टूल तसंच मोकळं राहिलं. म्हणजे सकाळी येऊन माठ भरायचा कोणी? "डाखोरे बाबू, तेवढं जुनी सवय म्हणून..." मी माठ भरायचो. मग खुर्चीवर बसायचो. मोठ्या साहेबांची घंटी वाजली की सगळं ऑफिस खाली मान घालून कामाला लागायचं आणि कोणीतरी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचं. मी उठायचो. त्या चार महिन्यांत खुर्चीवर मी सलग अर्धा तास बसल्याचं मला आठवत नाही.

आणि तरी दर आठवड्याला मंत्रिमंडळाची बैठक असली की माझा जीव वरखाली व्हायचा. राजूरकर म्हणायचे या आठवड्यात. मग म्हणायचे पुढच्या. एप्रिल गेला. मे लागला. घरात वच्छला माझ्याशी कामापुरतं बोलायची. प्रफुल अभ्यासिकेतून उशिरा यायला लागला, आणि पुस्तकांपैकी काही खोक्यात भरलेली मला एका सकाळी दिसली. मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण ज्याच्यासाठी केलं त्यालाच सांगितलं असतं तर केलेलं सगळं वाया गेलं असतं. तोंड शिवून मी त्या पुठ्ठ्यावरच्या खुर्चीत डगमगत बसून राहिलो.

एकतीस मे आला. निर्णय आला नाही.

निरोप समारंभ मोठ्या साहेबांच्या केबिनमध्येच ठेवला होता, कारण तिथं कूलर होता. गवारगुरू आणि मी, दोघे एक जूनवाले, शेजारी शेजारी. दोघांना शाली, दोघांना नारळ, दोघांना भिंतीवरचं घड्याळ. बायका पुढच्या रांगेत. प्रफुल दारातून आत आला. सामान न्यायला त्यानं मित्राची ऑटो आणली होती, आणि तो मित्रही मागोमाग आत येऊन भिंतीला टेकला.

तो उंच पोरगा होता. चेतन त्याचं नाव.

मी त्याला लगेच ओळखलं. धरण्याच्या दिवशी कडुनिंबाखाली दोन ग्लास पाणी प्यायलेला तोच. तेव्हा त्यानं ओठ पुसत मला विचारलं होतं, "काका, तुमी पाटबंधाऱ्यात हा ना? तिथं डाखोरे बाबू हायेत, वळखता काय?"

"कोण डाखोरे बाबू?"

"आमच्या प्रफुलचे वडील. मोठे क्लार्क हायेत तिथं. त्यांच्या टेबलावरून गेल्याबिगर फाईलच पुढं सरकत नाही म्हणते. चार वर्षांपासून प्रफुल त्यांच्याच टायपिंगच्या गोष्टी सांगत असते आमाले."

मी मागे बघितलं होतं. झाडाच्या बुंध्याआडून प्रफुलच्या चपला दिसत होत्या.

"वळखतो," मी म्हणालो होतो. "चांगला मानूस हाय."

एवढंच. संध्याकाळी पावणेसहाला गवारगुरू साहेबांना मी हेच सांगितलं, आणि म्हटलं, साहेब, पोरगं चार वर्षांपासून खोटं बोलून रायलं. त्याचं खोटं निदान चार महिने तरी खरं करू द्या.

आता चेतन भिंतीला टेकून शालीतल्या डाखोरे बाबूंकडे कौतुकानं बघत होता. त्याच्या कपाळावर हलकी आठी होती, कुठंतरी पाहिलेला माणूस आठवत नाही तशी. शर्ट-पॅंट, शाल, टिळा. खांद्यावर जार नव्हता, म्हणून त्याला ओळख लागत नव्हती. प्रफुल मात्र माझ्याकडे न बघता कूलरकडे बघत होता.

राजूरकर भाषण करत होते की लढा थांबलेला नाही. त्यांना मध्येच ठसका लागला. मोठ्या साहेबांनी सवयीनं टेबलाखालचं बटण दाबलं.

घंटी वाजली.

बाहेरचं स्टूल रिकामं होतं. भरल्या केबिनमध्ये एक-एक मान माझ्याकडे वळली. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, सवयच तशी. माझे गुडघे तर कधीच सरळ व्हायला लागले होते. मांडीवरचा नारळ मी खाली ठेवत होतो. चेतन बघत होता. मला कळत होतं की मी उठलो आणि हातात ग्लास घेतला की त्या पोराला कडुनिंबाखालचा पाणीवाला आठवणार. चार महिने, क्वार्टर, बायकोचं झाड, पोराची दोन वर्षं, सगळं एका ग्लासापायी जाणार. आणि तरी माझं अंग उठतच होतं. एकतीस वर्षांचं अंग ते, माझं कुठं ऐकणार!

माझ्या गुडघ्यावर एक हडकुळा हात पडला.

"बाबू, बसा," गवारगुरू साहेब म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आणि ते स्वतः उठले. सदतीस वर्षं नोकरी केलेला, शाल पांघरलेला अधीक्षक माणूस बाहेर गेला, माठातून पाणी काढलं, ग्लासाखाली बशी धरून आत आला आणि राजूरकरांच्या हातात दिलं. परत येऊन माझ्या शेजारी बसले, नारळ मांडीवर घेतला आणि पुन्हा तेच तेराव्याचं तोंड करून समोर बघायला लागले. मी रडलो. लोकांना वाटलं निवृत्तीचं रडू आहे.

ऑटोत बसताना चेतननं माझ्या पायांना हात लावला. "काका, तुमाले कोठी तरी पाह्यल्यासारखं वाटते."

"हापिसातच पाह्यलं असन," मी म्हणालो. "एका टेबलावर बसून जलम गेला."

प्रफुलनं भिंतीचं घड्याळ छातीशी धरलं होतं. घरी येईपर्यंत त्यानं ते खाली ठेवलं नाही.

*

याला आता अकरा वर्षं झाली. गवारगुरू साहेब मागल्या साली गेले. ऑगस्टमध्ये क्वार्टर सोडली तेव्हा वच्छलानं झाडावरची सगळी लिंबं काढून शेजाऱ्यांत वाटली, एकही घरी आणलं नाही. प्रफुलनं परीक्षा सोडल्या. आता त्याची स्वतःची अभ्यासिका आहे, चाळीस खुर्च्यांची, आणि बरी चालते. माझी शिपायाची जागा कधी भरली नाही. माझी बाबूची जागाही भरली नाही. तिकडच्या पोरांनी आणि इकडच्या म्हाताऱ्यांनी ज्या खुर्चीसाठी घसे फोडले, ती गोदामात पालथी पडलेली मी एकदा पाहून आलो. पायाखालचा पुठ्ठा तेवढा उंदरांनी खाल्ला होता.

प्रफुलच्या लग्नाची पत्रिका त्यानंच छापून आणली होती. त्यात माझ्या नावापुढे कंसात 'सेवानिवृत्त लिपिक, पाटबंधारे विभाग' असं होतं. मला विचारलं नव्हतं. मी तीन-चार पत्रिका जास्तीच्या घेऊन ठेवल्या.

पेपरात अजूनही अधूनमधून साठची बातमी येते. आली की प्रफुल मोठ्यानं वाचून दाखवतो.

"पाहा बाबा, तुमचे राजूरकर. त्यांच्या भरवशावर दोन वर्षं पाण्यात घातली तुमी. माही भी घातली."

"राजूरकरचं सोड," वच्छला आतून म्हणते. "यांले खुर्चीचा सोस होता."

"होता थोडा," मी म्हणतो, आणि पेपरचं पुढचं पान मागतो.